कोणत्या कुशीवर

आमचे भाऊजी गादीवाले. हे आडनाव नव्हे, धंदा. बाजारात त्यांना कोणी नावाने हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. "गादीवाल्यांकडे द्या", "गादीवाल्यांना विचारा", एवढंच. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. ताई लग्न होऊन त्या जिन्याने वर गेली तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझी साठी उलटली, नोकरी संपून पेन्शन सुरू झाली, तरी भाऊजींच्या तोंडी मी छोटीच.

माणूस मितभाषी. मितभाषी म्हणजे किती, तर लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं ताईला मुक्या माणसाच्या गळ्यात बांधलीय. पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की पहिला प्रश्न ठरलेला. "कोणत्या कुशीवर झोपता?"

नवं माणूस गोंधळायचं. बायका लाजायच्या. एकदा एक पोलिसातले साहेब चांगलेच भडकले होते, म्हणाले तुम्हाला काय करायचंय. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मला काही नाही करायचं, गादीला करायचंय." त्यांचं म्हणणं असं, की डाव्या कुशीवर झोपणारा गुडघे डावीकडे टाकतो, सगळा भार त्या कडेला येतो, म्हणून तिथे कापूस जास्त आणि दाबून भरायचा. ह्यात तथ्य किती ते त्यांनाच माहीत. पण अख्ख्या बाजारातलं कोण कोणत्या कुशीवर झोपतं हे त्यांना पाठ होतं, आणि लोक वीस-वीस वर्षं त्याच गादीवर झोपत होते.

गादी शिवून झाली की शेवटची परीक्षा. तळहात मधोमध दाबायचा, मनात पाच आकडे मोजायचे, हात उचलायचा. खळगा आपला आपण भरून आला तर गादी पास. नाही आला तर दाभण घेऊन सगळे टाके उसवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात. मी स्वतः पाहिलंय, गिऱ्हाईक न्यायला आलेलं, हातगाडी दारात उभी, आणि हे आपले टाके उसवत बसलेले. ताई वरून ओरडायची, "अहो, द्या की आता." ते मान वर करायचे नाहीत.

ताईचा आजार हाडांत उतरला तो मागच्या वर्षी. औषधांनी जे करायचं ते केलं, मग हात टेकले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, की आता इथे ठेवण्यात अर्थ नाही, हॉस्पिस बघा. भाऊजींनी विचारलं, हॉस्पिस म्हणजे काय. बाई म्हणाल्या, "तिथे बरं करत नाहीत. पण राहिलेले दिवस दुखू देत नाहीत." किती दिवस, हे विचारायचं धाडस मी केलं. महिना, त्या म्हणाल्या, फार तर दोन.

भाऊजी म्हणाले, मग घरीच नेतो. बाईंनी नाही म्हटलं. दिवसातून चार वेळा इंजेक्शन लागणार होतं, आणि कापसाच्या त्या बारीक धुळीने ताईचा खोकला थांबत नव्हता. खोकला आला की बरगड्या इतक्या दुखायच्या की तिचा चेहरा पांढरा पडायचा. भाऊजी म्हणाले, दुकान बंद ठेवतो. बाई म्हणाल्या, काका, चाळीस वर्षांची धूळ आहे, भिंतीत बसलीय. ज्या धंद्यावर बायकोला पोसलं त्याच धंद्याने तिला घराबाहेर काढलं, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असावं. परत येताना रिक्षात ते सबंध वाटभर आपले हात बघत होते.

ताईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठलंही चालेल गं मला. फक्त ह्यांना दिवसभर बसू देतील असं बघ. दुकानात एकटे बसले तर जेवणार नाहीत."

मी तीस वर्षं आवक-जावक विभागात कारकून होते. कागद आणि चौकशी ह्यांत मला कोणी हरवू शकत नाही. मी वही केली, त्यात सतरा प्रश्न लिहिले. रात्री डॉक्टर असतात का, किती पेशंटमागे एक सिस्टर, इंजेक्शनला उशीर झाला तर कोणाला बोलायचं, भेटायच्या वेळा काय. गावात तीन हॉस्पिस होती. तिन्हीकडे मी आणि भाऊजी गेलो. मी विचारायची, लिहून घ्यायची. ते खोलीत जाऊन रिकाम्या पलंगावर तळहात दाबून उभे राहायचे.

पहिलं हॉस्पिस मोठं, इस्पितळाला जोडलेलं. डॉक्टर चोवीस तास हजर. सगळ्या पलंगांवर हवेच्या गाद्या, बाजूला छोटा पंप, त्याची एकसारखी गुरगुर. माझ्या सतरापैकी चौदा प्रश्नांना तिथे उत्तर चांगलं मिळालं. पण नातेवाइकांनी यायचं ते चार ते सहा, आणि घरची उशीसुद्धा आणायची नाही. भाऊजी बाहेर आले आणि म्हणाले, "वर रेक्झिन घातलंय. घाम येईल तिला. आणि आत नुसती हवा. हवा भरलेली गादी म्हणजे काय गादी झाली?"

दुसऱ्या ठिकाणी त्यांनी अधिकारीबाईंच्या देखत गादीचा कोपरा उचलून खालची शिवण पाहिली आणि जिभेने च्च केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय तिथे जागा नव्हतीच, यादीत अकरावा नंबर मिळणार होता. अकरावा म्हणजे आमच्या आधी दहा जणांनी जायचं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं आणि मी त्या वहीत पुढे काही लिहिलं नाही.

तिसरं म्हणजे मोटार-गॅरेजशेजारचं एक साधं दुमजली घर. आठ पलंग. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ फेरी मारायचे, एरवी फोनवर. पण नातेवाइकांना सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत बसायला मुभा. तिथल्या मोठ्या सिस्टर पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चालताना चपला ओढणाऱ्या. भाऊजींनी गादी दाबली, पाच मोजले, हात उचलला आणि खळग्याकडे बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "आवडली नाही वाटतं. मग घरची घेऊन या, आमची काही हरकत नाही."

झालं. तिथल्या तिथे ठरलं. मी बाहेर येऊन पुष्कळ तोंड चालवलं. म्हटलं, भाऊजी, आपण ताईसाठी जागा बघतोय, गादीसाठी नाही. पहिल्या ठिकाणी डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. ते म्हणाले, "छोटी, तिला आता झोपायचंच आहे ना. दुसरं काय करायचंय तिला?" आणि दिवसभर बसू देणारं बघ, असं ताईनेच सांगितलं होतं. मी वही मिटली.

भरतीचा फॉर्म अर्थात मीच भरला. अकराव्या रकान्यात विचारलं होतं, हवेची गादी हवी का. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी माझ्या वळणदार अक्षरात 'नको' लिहिलं आणि खाली सही केली.

ती गादी त्यांनी तीन दिवसांत केली. मदतनीस दोघे असताना कोणाला हात लावू दिला नाही. कापूस स्वतः पिंजला, खोळ स्वतः बेतली, डावी कड दाबून दाबून भरली, कारण ताई जन्मभर डाव्या कुशीवर झोपत आली होती. ते टाके घालत होते तेव्हा मी शेजारी बसले होते. दाभण आरपार जाऊन वर आलं की ते सुतळीला हिसडा देत आणि गाठ मारत. पाठदुखीवाल्यांना द्यायचे तशी घट्ट, कडक गादी. हाडं दुखणाऱ्याला कडकच हवी, हे त्यांचं चाळीस वर्षांचं मत. शेवटी तळहात दाबला, पाच मोजले. हात उचलला न उचलला तोच खळगा भरून आला. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला बघवेना.

ताई त्या गादीवर आडवी झाली आणि म्हणाली, "छान झालीय हो." भाऊजी तिच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसले. घरीही तिच्या डावीकडे तेच झोपायचे. रोज सकाळी सातला यायचे, नऊला सिस्टर उठवतील तेव्हा उठायचे. दोघं बोलत काही नसत. ती डाव्या कुशीवर, त्यांच्याकडे तोंड करून. ते तिच्याकडे बघत. मी दुपारी डबा घेऊन जायची, ते जेवायचे, आणि मला वाटायचं, चला, चुकलो नाही आपण. इंजेक्शनं वेळेवर मिळत होती. मी वहीत मागे जाऊन तिसऱ्या हॉस्पिसपुढे बरोबरची खूणसुद्धा केली.

सहाव्या दिवशी भाऊजी खाली डबा धुवायला गेले होते. सिस्टर आणि मी ताईची चादर बदलत होतो. ताईच्या डाव्या कमरेच्या हाडावर तळहाताएवढा लालभडक डाग होता. मी विचारलं, हे कधी झालं. सिस्टर म्हणाल्या, "तीन दिवस वाढतंय. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. पण ह्या उजवीकडे वळायला तयार नाहीत. आणि आम्ही जबरदस्ती करत नाही." मी ताईवर डाफरले. म्हटलं, का गं, सिस्टर एवढं सांगतात तर वळायला काय होतं तुला?

ताई दाराकडे बघत होती, भाऊजी येतात का ते. मग हळूच म्हणाली, "त्यांनी डाव्या कुशीसाठी भरलीय. मी उजवीकडे वळले तर त्यांना वाटेल गादी चुकली."

मी म्हटलं, चुकली तर चुकली. ती म्हणाली, "तसं नाही. मला डाव्या कुशीवर झोप कधीच नीट लागली नाही, छोटी. आईकडे असताना मी उजव्या कुशीवर झोपायची, आठवतंय का तुला? पण लग्न झालं, हे डावीकडे झोपायला लागले. त्यांच्याकडे पाठ करून कशी झोपणार? मग सवय केली." आणि माझा हात धरून म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. एवढे दिवस गेले, आता थोडे राहिलेत."

एक्केचाळीस वर्षं. मला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. माझा राग नेहमी पायांत उतरतो. मी तरातरा जिना उतरले. भाऊजी नळाशी डब्याची झाकणं नीट लावत होते. मी म्हटलं, "तुमची गादी तिच्या अंगात रुतलीय. कमरेला फोड येईल आज-उद्या. हवेची मिळत होती, तुम्ही नको म्हणालात. आयुष्यभर लोकांना शिकवलंत, कडक गादी, कडक गादी. वजन तरी राहिलंय का तिच्या अंगात, तुमची कडक गादी दाबायला?"

त्यांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. 'नको' माझ्याच अक्षरात लिहिलंय, हे मला तेव्हा आठवलं. मी तेही बोलायला हवं होतं. बोलले नाही. आजही त्या नळाशी उभं राहिल्यासारखं वाटतं मला कधी कधी, आणि स्वतःची लाज वाटते.

ते वर आले. सिस्टरांपुढे उभे राहिले. सिस्टरांनी ताईची चादर बाजूला केली आणि डाग दाखवला. म्हणाल्या, "काका, हे बघा. लाल जागेवर बोट दाबलं की ती पांढरी पडायला हवी. बोट काढलं की रक्त परत यायला हवं. ही जागा पांढरी पडतच नाही. आतलं कातडं दबून गेलंय." आणि त्यांनी बोट दाबून दाखवलं.

भाऊजी वाकले. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. ते पाच मोजत होते. सिस्टरांनी बोट काढलं. डाग होता तसाच लाल राहिला. दुसऱ्या कोणाला ते समजावून सांगावं लागलं असतं, त्यांना नाही लागलं. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हवेची आणा."

तासाभरात पंप लावून हवेची गादी पलीकडच्या पलंगावर तयार झाली. सिस्टर, मी आणि भाऊजी, तिघांनी चादरीसकट ताईला उचललं. काय उचलायचं होतं त्यात, कापसाच्या चार उशा तिच्यापेक्षा जड असतील. तिला नव्या गादीवर ठेवल्यावर भाऊजींनी सवयीने कडेला तळहात दाबला. गादी त्यांच्या हाताखालून आपली आपण वर आली, मग आपली आपण खाली गेली. ते थोडा वेळ तसाच हात ठेवून उभे होते.

सिस्टर म्हणाल्या, आता डावीकडे ठेवायचं नाही, काही झालं तरी. भाऊजींनी मान हलवली. मग ते ताईच्या तोंडाजवळ वाकले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी दुकानात विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "तू कोणत्या कुशीवर झोपतेस गं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी चुगली केली. मी मान हलवून नाही म्हटलं. खरंच सांगितलं नव्हतं मी. अख्ख्या बाजाराला जे विचारलं ते हिला कधी विचारलंच नाही, हे त्या माणसाला आपलं आपणच सुचलं होतं. ताई म्हणाली, "उजव्या."

"आधीपासून?"

"आधीपासून."

सिस्टरांनी हलकेच तिला उजवीकडे वळवलं, दोन गुडघ्यांमध्ये उशी दिली. ताईची पाठ स्टुलाकडे झाली. तिने मान मागे वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना, आणि ती म्हणाली, "अहो, मला दिसत नाही तुम्ही."

भाऊजींनी स्टूल उचललं. पलंगाच्या पायथ्याकडून वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला गेले, भिंत आणि पलंग ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. गुडघे गादीला टेकत होते. ते बसले. तिला ते दिसले. बसल्या बसल्या ते म्हणाले, "एवढंच होतं होय." कोणाला म्हणाले कोण जाणे. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. ताईने त्यांच्या शर्टाची बाही धरली, तशीच तिला झोप लागली, आणि ती पुढे चार तास झोपली. हॉस्पिसमध्ये आल्यापासून इतकी सलग ती झोपली नव्हती.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. उजव्या कुशीवर, आणि पाठ दमली की थोडा वेळ उताणी. डाग वाढला नाही, पण गेलाही नाही. दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला, भाऊजी नुकतेच येऊन स्टुलावर बसले होते, तेव्हा ती गेली. मी पोचले तेव्हा त्यांनी तिच्या कमरेखाली हात घातलेला होता, गादी आणि हाड ह्यांच्या मधे. सिस्टर म्हणाल्या, काढा आता काका. ते म्हणाले, "थांबा जरा." त्या थांबल्या.

ती कापसाची गादी दुकानात परत आली. मला वाटलं, ते ती जपून ठेवतील. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिचे सगळे टाके उसवले, कापूस मोकळा केला, आणि त्या हॉस्पिससाठी छोट्या छोट्या मऊ उशा करून दिल्या, गुडघ्यांच्या मधे ठेवायच्या. चोवीस झाल्या. मी नेऊन दिल्या. फॉर्मवरच्या त्या 'नको'बद्दल मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मान मी हलवली होती." मला त्याने बरं वाटलं नाही, पण पुन्हा तो विषय निघाला नाही.

परवा मी दुकानात बसले होते. एक गृहस्थ आले, पासष्टीचे, घाईत. दोन गाद्या हव्यात म्हणाले, एक माझी, एक मिसेसची. भाऊजींनी टेप हातात घेतला आणि विचारलं, "कोणत्या कुशीवर झोपता?"

"मी उजव्या. ती डाव्या."

भाऊजींनी एकच गादी लिहून घेतली आणि पेन्सिल कानामागे ठेवली.

"अहो, दोन सांगितल्या मी."

"दुसरीसाठी बाईंना घेऊन या," भाऊजी म्हणाले.

"तिला कशाला घरचे जिने चढ-उतर करायला लावता? सांगतो ना मी, डाव्या. पस्तीस वर्षं बघतोय."

भाऊजींनी गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल फडक्याने पुसलं आणि पायरीच्या जवळ, बाईंना बसता येईल असं सरकवून ठेवलं.